पाषाणप्रेम आणि राज्यनाश

दिवाणखान्यांत चित्र टांगावें हें आपणांस समजतें. परंतु वेडावांकडा दगड लांकडी बैठकीवर मांडून त्याचें सौंदर्य न्याहाळीत बसावें, ही रसिकता चिनी विद्वानांनीं जोपासली. सूचौजवळच्या ताय सरोवरांतील चुनखडीचे दगड ते विशेष नांवाजीत. पाण्यानें झिजून त्यांना आरपार भोंकें पडतात. शेलाटा बांधा, सुरकुत्या, छिद्रें आणि आरपार दृष्टि जाणें, हे चार निकष.

बाय ज्यू-यी या कवीनें इ. स. ८४३ मध्यें न्यू सेंग-रू या मंत्र्याच्या दगडांवर निबंध लिहिला. मंत्री धनलोभी नव्हता. पण त्याची आवड ओळखून हाताखालचे अधिकारी दूरदूरचे दगड शोधून धाडीत, आणि तो त्यांची प्रतवारी लावून ती दगडावरच कोरवीत असे. दगडाला लांच कोण म्हणणार! चित्रकार मी फू (१०५१–११०७) यानें तर दरबारी पोशाख करून एका दगडास नमस्कार घातला, अशी कथा आहे. येथवर हें वेड निरुपद्रवीच म्हणावयाचें.

पुढें तें राजाला लागलें. सुंग सम्राट हुइत्सुंग स्वतः उत्तम चित्रकार. काइफेंग या राजधानींत त्यानें १११७ पासून कृत्रिम पर्वत उभारविला. त्यापूर्वीच, ११०५ पासून, झू म्येन नांवाचा अधिकारी सूचौस बसून त्याच्यासाठीं दगड व झाडें गोळा करीत होता. कुणाच्या घरीं बरा दगड दिसला, कीं शिपाई शिरत आणि त्यावर राजाची पिवळी मोहोर लागे. त्या क्षणापासून तो दगड सरकारी, राखणदारी मात्र घरमालकाची. जरा हयगय झाली तर राजद्रोहासारखा आरोप. नेतांना भिंती पाडीत. धान्याच्या नावांवर दगड चढले. वाटेंतले पूल व तटाचे दरवाजे मोडले गेले. इतिहासकार दरबारच्या इतर दोषांचीही यादी देतात, पण रयतेच्या डोळ्यांसमोर होता तो हाच. ११२० मध्यें फांग ला यानें बंड पुकारलें, तें झू म्येनच्या नांवानें दांत खातच. बंड मोडलें, राज्य सांवरलें नाहीं.

उत्तरेकडील चिन लोकांनीं काइफेंगला वेढा दिला, तेव्हां त्या पर्वताचे दगड फोडून शत्रूवर फेंकण्यासाठीं वापरले. ११२७ मध्यें सम्राटास कैद करून उत्तरेकडे नेलें. तेथेंच तो ११३५ मध्यें वारला. झू म्येनचा शिरच्छेद त्याआधींच झाला होता.

शांघायच्या यू उद्यानांतला ‘यू-लिंग-लुंग’ हा दगड काइफेंगला न पोंचलेल्यांपैकीं एक, असें सांगतात. त्याच्या तळाशीं धूप जाळला, तर भोंकाभोंकांतून धूर निघतो, अशी त्याची ख्याति आहे.