भाईंदरची तार, रेणूची तार

१९३६. तुम्ही भाईंदरच्या फलाटावर आहात. मिठागरांवरून खारा वारा येतोय. १९२८मध्ये बोरिवलीपर्यंत आलेली विजेची गाडी आता विरारपर्यंत जाऊ लागली आहे. मान वर करा. तांब्याच्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह खेळतोय. गाडी शिरते, टपावरचा पॅन्टोग्राफ तारेला घासतो, ठिणगी उडते. आत इलेक्ट्रॉन थरथरत्या अणूंवर अडखळत पुढे सरकतात. हिशेब सरळ आहे : तार दुप्पट लांब, तर रोध दुप्पट.

आता या तारेकडून एका रेणूच्या तारेकडे चला. १९७४. न्यूयॉर्क. आयबीएमचे अविराम आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे मार्क रॅटनर तुमच्यापुढे कागद सरकवतात. त्यावर एकच रेणू. एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला घेणारा. एका रेणूचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग! पण अजून फक्त कागदावर.

१९९७. येल विद्यापीठात मार्क रीड यांच्याकडे सोन्याची बारीक तार ताणून तोडताहेत. भोवतीच्या द्रावणात बेंझीन-डायथायॉलचे रेणू आहेत. त्यांच्या दोन्ही टोकांना गंधक, आणि गंधक सोन्याला घट्ट धरतो. द्रावक उडून जातो, तुटलेली टोकं पुन्हा जवळ येतात. मधली फट नॅनोमीटरहूनही कमी. मीटरकडे बघा : रेणूतून वीज वाहते आहे.

पण इथे तांब्याचा हिशेब लागू नाही. कार्बनच्या साध्या साखळीत इलेक्ट्रॉन ‘टनेलिंग’ने, म्हणजे ओलांडता न येणाऱ्या अडथळ्यातून आरपार जाऊन, पार होतो. साखळीत एक कार्बन वाढवला, की प्रवाह साधारण एक-तृतीयांशावर येतो. पॅन्टोग्राफ क्षणभर सुटला तरी गाडी धावत राहते. इथे मात्र गंधकाने सोन्याचा दुसरा अणू धरला तरी प्रवाहाचा आकडा बदलतो. म्हणून २००३मध्ये अ‍ॅरिझोनात ताओ यांच्या प्रयोगशाळेत सोनं आणि रेणू यांचा सांधा हजारो वेळा जोडला-तोडला जातो आणि मगच आकडा मांडला जातो.

२००६, ट्रॉम्बे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे दिनेश अस्वाल आणि जे. व्ही. याख्मी फ्रान्समधल्या सहकाऱ्यांसह सिलिकॉनवर आपणहून रचल्या जाणाऱ्या रेणूथरांचा आढावा प्रसिद्ध करतात. थराची जाडी एका रेणूएवढीच. वरून धातूचा संपर्क बसवायला गेलात, की धातू थरातल्या फटींतून खाली उतरू शकतो आणि शॉर्ट होतं.

आज तुमच्या खिशातल्या फोनची चिप सिलिकॉनचीच आहे. रेणूतून वीज जाते, हे सिद्ध झालं. कोट्यवधी रेणू एकसारखे जोडणं अजून साधलेलं नाही. उद्या कुणी रेणूंची चिप आल्याची बातमी दिली, तर तार किती बारीक हे नंतर विचारा. आधी विचारा, सांधा किती वेळा सारखाच जमला?