चाळीस वर्षे फळीवर पडून राहिलेले औषध

आजची गोष्ट आयसोनियाझिडची. १९१२ साली प्रागमध्ये हान्स मेयर आणि योसेफ माली यांनी हा पदार्थ तयार केला. पण तो कशाच्या कामी येईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांनी, १९५२च्या सुमारास, तीन कंपन्यांना स्वतंत्रपणे कळले की हा क्षयाच्या जंतूंचा काळच आहे. पदार्थ जुना, म्हणून त्यावर कोणाला पेटंट मिळेना. गोळी स्वस्त झाली.

खरी कसोटी आपल्याकडे लागली. रुग्ण लाखोंनी, सॅनटोरियमच्या खाटा मोजक्या. १९५६ पासून मद्रासच्या केंद्राने गरीब रुग्णांचे दोन गट केले: एक सॅनटोरियममध्ये, दुसरा घरीच. दोघांनाही वर्षभर आयसोनियाझिड आणि जोडीला पास हे औषध. १९५९ मध्ये निकाल आला. दाटीच्या घरात, बेताच्या जेवणावर राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. घरच्यांना जादा लागणही झाली नाही.

फौजेत एक धडा पक्का होतो. कोठारात दारूगोळा असून भागत नाही, तो रोज आघाडीवर पोचावा लागतो. गोळीचेही तसेच. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली, तर जंतू निर्ढावतो. म्हणून मंडळी, कोर्स पुरा करा.