पाण्याने उभा केलेला माणूस

मी तुमची सहयोगिनी बोलतेय.

मागच्या महिन्यात एका गावी गटाची बैठक होती. कर्जाच्या हप्त्यांचं बोलणं संपलं. तेव्हा एक मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, पोरगा झाडावरून पडला, दोन वर्षं झाली. कमरेखालून काहीच हालत नाही. आता घरीच राह्यते. काय करणार?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर एका माणसाची गोष्ट आठवली. तीच आज सांगते.

मुरलीकांत पेटकर. जन्म १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचा. लहानपणापासून कुस्तीची ओढ. कोवळ्या वयातच ते लष्करात भरती झाले. वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलात काम करायचे आणि बॉक्सिंग खेळायचे.

मग १९६५ चं पाकिस्तानशी युद्ध आलं. पेटकरांच्या अंगात गोळ्या घुसल्या आणि एक पाठीच्या कण्याशी रुतून बसली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. वय अवघं वीस. कुस्ती संपली, बॉक्सिंग संपलं. पेठच्या पोराचं पुढे काय, हा प्रश्न तिथेही होताच.

मुंबईतल्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार सुरू होते. तिथे व्यायामोपचार देणाऱ्यांनी त्यांना पोहण्याचा सल्ला दिला. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, पायांवर उभं राहावं लागत नाही. हात आणि खांदे यांच्या जोरावर माणूस पुढे सरकतो. आपल्या गावातली पोरं पाठीला वाळला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत शिकतात ना, तीच गंमत. आधार पाण्याचा, बळ आपलं. औषध म्हणून सुरू झालेलं पोहणं पेटकरांचा खेळ झालं.

१९६८ साली इस्रायलमधल्या तेल अवीवला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, ते टेबल टेनिस खेळले. परदेशी जायचं तर खर्च मोठा. क्रिकेटपटू विजय मर्चंट अपंग खेळाडूंच्या पाठीशी उभे राहायचे, त्यांची मदत पेटकरांना झाली. मग १९७२, जर्मनीतलं हायडेलबर्ग. पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत. पेटकरांनी ती ३७.३३ सेकंदांत संपवली. सुवर्णपदक, आणि जागतिक विक्रमसुद्धा! पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पाय चालत असलेल्या खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये भारताला एकट्याच्या बळावरचं पहिलं सुवर्ण मिळालं ते २००८ साली, नेमबाज अभिनव बिंद्राच्या हातून. मधे छत्तीस वर्षं गेली!

पण गावोगावी ढोल वाजले का? नाही. पेटकर पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी करत राहिले. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो मिळाला नाही. पद्मश्री आली २०१८ साली. त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा निघाला २०२४ साली, आणि अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव म्हणून, हाती पडला तो जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

ही गोष्ट मी त्या मावशींना सांगितली. त्या म्हणाल्या, "ताई, ते फौजेतले होते. तिथं दवाखाना होता, तलाव होता. आमच्या जवळ काय हाये?" खरं आहे. प्रत्येकाला पदक मिळणार नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरवायचंही नाही. पण पेटकरांच्या गोष्टीत पहिली पायरी पदकाची नव्हतीच. पहिली पायरी ही की, कुणीतरी त्यांच्याकडे बघून म्हटलं, हात तर चालतात ना? चला, सुरुवात करू.

आपल्याजवळही थोडं काही आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी करून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड मिळतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा, यंदा ते कशावर गेले? एकटीला जमत नसेल तर दहा जणी मिळून विचारा.

आमच्या गटाने त्या बैठकीच्या नोंदवहीत लिहिलं: पोराला वर्ध्याला तपासणीसाठी न्यायचं, गाडीभाडं गट देईल, सोबत दोघी जातील. अर्ज दिला आहे. कार्ड अजून यायचं आहे. पण त्या दिवशी तो पोरगा दोन वर्षांनंतर पहिल्यांदा गावाबाहेर पडला. परत येताना धाम नदीच्या पुलावर गाडी थांबवायला सांगितली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत होता, असं सोबत गेलेल्या बाईंनी सांगितलं.

तुमच्या गावात असं कुणी घरात बसून आहे का? पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तेच नाव घ्या.