शस्त्रक्रियेपूर्वीच्या गोळीची कुळकथा

हृदयावरील शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिनची गोळी देण्याचा जो शिरस्ता या शतकाच्या आरंभी ठिकठिकाणी रूढ होऊ लागला, त्याचे मूळ शोधीत मागे गेल्यास आपण जाऊन पोचतो ते क्योतो शहरातील एका धान्याच्या दुकानात. तोक्योच्या सांक्यो कंपनीतील अकिरा एंडो यांचा तर्क असा होता, की प्रतिस्पर्धी जंतूंचा नायनाट करण्यासाठी एखादी बुरशी, त्या जंतूंना अत्यावश्यक अशा द्रव्यांची घडण रोखणारे रसायन निर्माण करीत असली पाहिजे. सुमारे ६,००० सूक्ष्मजीवांची झडती घेतल्यावर, त्या दुकानातील तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत, १९७३ साली, यकृतातील कोलेस्टेरॉलची घडण अडविणारे द्रव्य त्यांना गवसले. उंदरांवर ते निष्प्रभ ठरले आणि प्रकरण दप्तरदाखल होण्याच्या बेतात आले. परंतु अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल त्याने चांगलेच उतरविले. वैद्यकाच्या इतिहासात कोंबडीच्या वाट्यास इतका मान क्वचितच आला असेल! पुढे सांक्योने ते द्रव्य सोडून दिले. त्याचे भावंड असलेल्या लोवास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली परवाना मिळाला. आणि १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्रोग्यांवरील चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटविल्याचे सिद्ध होताच या औषधकुळाचा अंमल सर्वत्र बसला.

येथवर सारे पुराव्यानिशी झाले. पण शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुस यंत्राच्या परकीय नळ्यांतून वाहताना रक्तात जो दाह उसळतो, तोही ही गोळी शमवील, ही पुढली आशा मात्र पुराव्याच्या पुढे धावली. जुनी कागदपत्रे चाळता गोळी घेणारे रुग्ण शस्त्रक्रियेतून अधिक सुखरूप बाहेर पडलेले दिसत; परंतु ज्याला आधीपासून गोळी चालू आहे त्याची देखभालही बहुधा आधीपासून नीट होत असते, हे कागद सांगत नाहीत. २००६ साली इटलीतील २०० रुग्णांच्या चाचणीने त्या आशेला बळ दिले: आठवडाभर आधी गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांच्या, तर न घेणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे शस्त्रक्रियेनंतर अनियमित थरथरू लागले.

निवाडा झाला तो २०१६ साली. बीजिंगच्या फूवाय रुग्णालयात १,९२२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागून काहींना रोसुव्हास्टॅटिन आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निरौषधी गोळ्या दिल्या, तेव्हा थरथरीचे प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखेच, शेकडा २१ च्या आसपास, भरले. हृदयाच्या स्नायूची हानी कमी झाली नाही. आणि मूत्रपिंडाची तात्पुरती इजा गोळी घेणाऱ्यांत अधिकच आढळली. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने मग नव्या रुग्णास शस्त्रक्रियेच्या तोंडावर ही गोळी सुरू करू नये असे लिहिले. ज्याची ती आधीच चालू आहे त्याची मात्र चालू ठेवण्यास मुभा दिली. बायपासनंतर वर्षानुवर्षे ती घेण्याच्या प्रघातास या निकालाने धक्का लागला नाही, कारण त्याचा आधारच निराळा होता.