मेम्फिस : अखेरचे बत्तीस तास

३ एप्रिल १९६८, सकाळी साडेदहा
अटलांटाहून निघालेलं विमान उशिरा उतरतं. मार्टिन ल्यूथर किंग त्यात आहेत म्हणून बॉम्बची धमकी आली होती. ते मेम्फिसला आलेत सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारीला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पाऊस चुकवायला कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले होते. कचरा दाबणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघं चिरडून मेले. किंग यांच्या हत्येची हकिगत सांगताना ही दोन नावं बहुतेक वेळा गळतात. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. १२ फेब्रुवारीपासून तेराशेच्या आसपास कामगार संपावर होते. आपण माणूस आहोत, एवढंच त्यांच्या फलकांवर लिहिलेलं होतं.

दुपार
नव्या मोर्चावर न्यायालयाचा मनाई हुकूम येतो. २८ मार्चच्या मोर्चात दंगल उसळली होती, पोलिसाच्या गोळीने सोळा वर्षांचा लॅरी पेन गेला होता. अहिंसेवरच बोट ठेवलं जात होतं, म्हणून किंगना मोर्चा पुन्हा शांततेत काढायचा होता.

रात्री साडेनऊच्या सुमारास
बाहेर वादळ. दमलेले किंग सभेला जाणार नव्हते. त्यांनी सहकारी राल्फ अ‍ॅबरनाथींना पाठवलं होतं. पण मेसन टेम्पलमध्ये जमलेल्यांना किंगच हवे आहेत हे बघून अ‍ॅबरनाथींनी फोन केला. किंग येतात आणि हातात कागद नसताना बोलतात. वाऱ्याने झडपा आपटल्या की दचकतात. आपण कदाचित वचनभूमीपर्यंत पोहोचणार नाही, पण आपले लोक नक्की पोहोचतील, असं सांगून ते खुर्चीवर अक्षरशः कोसळतात.

४ एप्रिल, दुपारी तीननंतर
किंग उतरले होते त्या लॉरेन मोटेलच्या समोरच्या बाजूला, साउथ मेन स्ट्रीटवरच्या एका खाणावळवजा लॉजमध्ये एक माणूस जॉन विलार्ड नावाने आठवड्यासाठी साडेआठ डॉलरना खोली घेतो. खरं नाव जेम्स अर्ल रे, मिसुरीच्या तुरुंगातून पळालेला कैदी. थोड्या वेळाने तो जवळच्या दुकानातून दुर्बीण आणतो. रायफल आधीच बर्मिंगहॅमहून घेतलेली.

संध्याकाळी पाचच्या आगेमागे
मनाई हुकमासाठी गेलेले सहकारी अँड्र्यू यंग न्यायालयातून परततात. दिवसभर निरोप का दिला नाहीस म्हणून किंग त्यांच्यावर उशी फेकतात आणि खोलीत उशांची मारामारी जुंपते. नंतर बिली काइल्स या पाद्र्यांच्या घरी जेवायला जायचं म्हणून आवराआवर सुरू होते. तिकडे लॉजमधलं सामाईक न्हाणीघर बराच वेळ आतून बंद. शेजारचे भाडेकरू कुरकुरतात.

सहा
३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर, पहिल्या मजल्याच्या सज्जात किंग कठड्याशी उभे. खाली गाडीजवळ मंडळी थांबलेली. रात्रीच्या सभेत आपलं आवडतं भजन छान वाजव, असं ते वादक बेन ब्रँचला सांगतात. थंडी पडेल, कोट घ्या, असं चालक खालून बजावतो.

सहा वाजून एक मिनिट
एकच गोळी. उजव्या जबड्यातून शिरून ती मणक्यापर्यंत जाते. अ‍ॅबरनाथी खोलीतून धावत बाहेर येतात. रे रायफलचं गाठोडं शेजारच्या दुकानाच्या दाराशी टाकून पांढऱ्या मस्टँगमधून पसार होतो.

सात वाजून पाच मिनिटं
सेंट जोसेफ रुग्णालयात मृत्यू. वय ३९.

त्या रात्रीपासून अमेरिकेतली शंभरावर शहरं पेटली. रे दोन महिन्यांनी लंडनच्या विमानतळावर सापडला. त्याने गुन्हा कबूल केला आणि तीन दिवसांत कबुली फिरवली. ८ एप्रिलला, नवऱ्याचे अंत्यसंस्कार व्हायच्या आदल्या दिवशी, कोरेटा किंग मुलांना घेऊन मेम्फिसला आल्या आणि राहिलेला मोर्चा त्यांनी काढला. १६ एप्रिलला महापालिकेने कामगारांची संघटना मान्य केली, पगारही वाढवला. संप पासष्ट दिवस चालला होता.