निंदकाचे मूळ नाव

संत पौलाच्या नावाने असलेल्या तिमथीला पहिल्या पत्रात (३:११) सेवाकार्यातील स्त्रियांसाठी एक अट घातली आहे : त्या चहाडखोर नसाव्यात. मूळ ग्रीक पाठात येथे जो शब्द आहे तो पाहून अभ्यासक क्षणभर थबकतो. तो 'दियाबोलोस' या शब्दाचे अनेकवचन आहे. म्हणजे शुभवर्तमानात जो शब्द सैतानासाठी योजिला आहे, तोच!

'दिया' म्हणजे आरपार आणि 'बालेइन' म्हणजे फेकणे. या जोडशब्दाला ग्रीक भाषेत फार पूर्वीच दोघांत वितुष्ट आणणे, खोटा आळ घेणे असे अर्थ प्राप्त झाले होते. हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी 'सातान', म्हणजे प्रतिपक्षी किंवा आरोप करणारा, या शब्दासाठी तोच निवडला. निवड मार्मिक होती. ईयोबच्या ग्रंथाच्या आरंभी हा आरोपकर्ता देवाच्या दरबारात उभा राहतो आणि एका सज्जनाच्या हेतूविषयी केवळ शंका पेरतो : ईयोब देवाला भजतो ते काय फुकट? (चावडीवरची कुजबुज याहून निराळी असते काय?)

लॅटिनमध्ये हा धागा तुटला. व्हल्गेट भाषांतराने सैतानाचे 'दियाबोलुस' हे नाव कायम ठेवले. मात्र तिमथीच्या पत्रात 'देत्राहेन्तेस', म्हणजे खाली ओढणाऱ्या, असा शब्द घातला. मराठीतही सैतान एकीकडे आणि चहाडखोर दुसरीकडे. दोघांचे नाते वाचकाला उमगावे तरी कसे? माझ्या मते ही हानी लहान नाही.

तथापि, या 'खाली ओढण्या'तूनच ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राला एक मोलाची संज्ञा लाभली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी तिची स्वतंत्र चर्चा केली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात दोन पापे वेगळी सांगितली आहेत : खोटे बोलून दुसऱ्याच्या लौकिकास बाध आणणे हे एक, आणि त्याचा खरा दोष सबळ कारणाशिवाय इतरांना सांगणे हे दुसरे. तेव्हा "मी खरे तेच बोललो" हा बचाव पुरेसा ठरत नाही.

आपल्या 'अब्रू' शब्दाचे मूळ फारसी आहे : 'आब' म्हणजे पाणी, तेज, 'रू' म्हणजे चेहरा. अब्रुनुकसानी म्हणजे चेहऱ्यावरचे हे तेज हिरावणे. त्याची भरपाई धर्मशिक्षण ग्रंथ बंधनकारक मानतो, अपराध्याला क्षमा मिळालेली असली तरीही. ती उघडपणे करणे शक्य नसेल, तर गुप्तपणे करावी असेही तेथे म्हटले आहे.