परतलेल्या परिचारिका

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं इंग्लंडांतील बहुतेक मोठ्या रुग्णालयांचा असा दंडक होता कीं, परिचारिकेनें लग्न केलें म्हणजे तिनें नोकरी सोडावी. परिचारिका म्हणजे रुग्णालयाच्याच वसतिगृहांत राहणारी, मेट्रनच्या परवानगीनें बाहेर पडणारी कुमारिका. तेथें संसाराला जागा कोठून असणार? एथेल मॅन्सन १८८१ सालीं लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें २४ होतें. १८८७ मध्यें डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशीं विवाह होतांच त्यांनीं तें पद सोडलें. याच बाईंनीं पुढें तीसएक वर्षें झगडून परिचारिकांच्या सरकारी नोंदणीचा १९१९ चा कायदा घडवून आणला, आणि नोंदवहींत पहिल्या क्रमांकाची नोंद त्यांचीच झाली. म्हणजे इंग्लंडची पहिली नोंदणीकृत परिचारिका ही लग्नामुळें नोकरी सोडलेली बाई होती!

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सरकारला या घरीं बसलेल्या विद्येची आठवण झाली. हवाई हल्ल्यांत लक्षावधि माणसें जखमी होतील असा अंदाज होता. म्हणून विवाहित व निवृत्त परिचारिकांनाही सामावून घेणारें एक नागरी राखीव दल उभारण्यांत आलें. १९३९ च्या सप्टेंबरांत खाटा मोकळ्या करण्यासाठीं सुमारें १,४०,००० रुग्णांना दोन दिवसांत घरीं धाडलें. मग वर्षभर लंडन जवळजवळ शांतच राहिलें आणि कित्येकजणी रिकाम्या वॉर्डांत बसून कंटाळल्या. ७ सप्टेंबर १९४० रोजीं मात्र आग बरसूं लागली, ती सलग ५७ रात्री.

अशा रात्रीं पंधरा वर्षांनीं वॉर्डांत पाऊल टाकणाऱ्या बाईची स्थिति डोळ्यांपुढें आणा. नाडी पाहणें, पट्टी बांधणें, भेदरलेल्याला धीर देणें हें हाताला आपोआप आठवतें. लहानपणीं शिकलेली पोळी लाटण्याची हातोटी कोठें सुटते? अडचण निराळीच होती. तिच्या काळीं रुग्णाला दुसऱ्याचें रक्त देणें हा क्वचित् येणारा प्रसंग असे, त्यासाठीं माणूस शोधून आणावा लागे. आतां लंडनभोंवतीं १९३९ पासून चार रक्तपेढ्या होत्या व खाटेशेजारीं रक्ताची बाटली टांगलेली दिसे. १९३८ पासून ‘एम. अँड बी. ६९३’ ही सल्फा वर्गांतील गोळी न्यूमोनियावर चालूं लागली होती. हें सारें नवें होतें, पण शिकतां येण्याजोगें होतें. भाजलेल्या जखमेचें काय? १९२५ सालीं टॅनिक आम्लाचा उपचार निघाला. त्यानें जखमेवर कडक कवच धरे, आणि तिनें तो ताजा शोध म्हणून मनापासून आत्मसात् केलेला. युद्धांत भाजलेल्या वैमानिकांचीं बोटें त्या कवचाखालीं आखडूं लागलीं, तेव्हां शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो प्रभृतींनीं तो उपचार टाकून मिठाच्या पाण्याचीं स्नानें सुरू केलीं. विसरलेलें पुन्हां शिकणें एक वेळ सोपें. पक्कें आठवत असलेलें सोडणें कठीण. माझ्या मतें परतणाऱ्या परिचारिकेचा खरा कस तेथेंच लागला.

ढिगाऱ्याखालून काढलेल्यांच्या बाबतींत तर सारेच नवशिके होते. तासन्‌तास पाय चेंगरलेला माणूस बाहेर आल्यावर बरा दिसे, बोले, आणि कांहीं दिवसांनीं मूत्रपिंडें निकामी होऊन दगावे. हॅमरस्मिथ येथील डॉ. बायवॉटर्स यांनीं सहकाऱ्यासह १९४१ मध्यें या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. येथें गरज होती ती जुन्याच शिस्तीची: लघवी मोजावी, रक्तदाब पाहावा, लिहून ठेवावें.

१९४३ मध्यें परिचर्येचा अनुभव असलेल्या स्त्रियांना नोंदणी सक्तीची झाली. ५ जुलै १९४८ रोजीं तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तीही परिचारिकांच्या तुटवड्यांतच. तेव्हां विवाहितांना अर्धवेळ कामावर घेणें रुग्णालयांना भागच पडलें. आज ब्रिटनमध्यें नोंदणी टिकविण्यास तीन वर्षांत ४५० तासांचें काम दाखवावें लागतें. तें न भरल्यास परतणारीला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो किंवा परीक्षा द्यावी लागते, व त्या परीक्षेचा एक भाग प्रत्यक्ष हातानें करून दाखविण्याचा असतो.